घरच्या बॅकअपसाठी हार्ड डिस्क आणि एक्स्टर्नल केसची जोडी

सुटी हार्ड डिस्क घ्यायची (नवी, नाहीतर एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी न फिरणारी डिस्क, टाकल्यावर जुन्या लॅपटॉपमधून निघालेली), ती यूएसबीच्या बाहेरच्या केसमध्ये बसवायची आणि घरातले फोटो, लग्नाचे व्हिडिओ, सातबारा-इन्शुरन्सचे स्कॅन वगैरेंची कॉपी त्यावर ठेवायची, अशी ही पद्धत. दुकानात केस, केसिंग, एन्क्लोजर काहीही म्हटलं तरी तीच वस्तू मिळते. तयार पोर्टेबल डिस्क सगळीकडे मिळत असताना हा खटाटोप कशाला, तर एक म्हणजे डिस्क कुठली हे आपण ठरवतो, दुसरं म्हणजे नॅससाठीच्या (नेटवर्कला जोडून कायम चालू ठेवायच्या स्टोरेजसाठीच्या) सुट्या डिस्कला वॉरंटी ३ ते ५ वर्षांची असते, आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे केस, केबल, अडॅप्टर यातलं काहीही बिघडलं तरी तेवढं बदलून डिस्क तशीच पुढे वापरता येते. पण हा तिसरा फायदा आपोआप मिळत नाही, जोडी नीट जमवली तरच मिळतो, म्हणून या नोंदीतला बराचसा भाग त्याच मुद्द्यावर आहे.

आत काय असतं

केस उघडली की आत एक छोटासा बोर्ड दिसतो, त्याच्या एका बाजूला साटा कनेक्टर (आत्ताच्या डिस्क ज्याला जोडतात तो, ७ पिना डेटाच्या, १५ पॉवरच्या), दुसऱ्या बाजूला यूएसबी, आणि मधे ब्रिज चिप. कॉम्प्युटर यूएसबीवरून स्कझी पद्धतीच्या कमांड पाठवतो, डिस्कला एटीए पद्धतीच्या कमांड कळतात, आणि ही चिप मधे बसून दुभाष्याचं काम करते. केसवर नाव कुठलंही असो, ऑरिको असो की युग्रीन की अजून कुठलं, आत बहुतेक वेळा जेमायक्रॉन, एएसमीडिया अशा मोजक्या कंपन्यांचीच चिप असते. त्यामुळे ब्रँडपेक्षा चिपचा नंबर (जेएमएस ५७८, एएसएम ११५३ई असे) शोधून पाहिला तर केस कशी चालेल याचा अंदाज जास्त चांगला येतो.

साटा २००३ पासून बाजारात आलं. त्याआधीच्या आयडीई डिस्कला (पीसीच्या ४० पिनी, लॅपटॉपच्या ४४ पिनी) आत्ताच्या केस चालत नाहीत, त्यासाठी वेगळा आयडीई ते यूएसबी कन्व्हर्टर मिळतो. तो घेऊन जुना डेटा एकदाचा काढून घ्यावा आणि ती डिस्क बॅकअपच्या कामातून बाद करावी.

साइज, जाडी आणि करंट

डिस्क दोन मापांच्या, ३.५ इंची (पीसीची) आणि २.५ इंची (लॅपटॉपची). मोठ्या केसमध्ये छोटी डिस्क बसवता येते, उलटं जमत नाही हे सांगायलाच नको, पण २.५ इंचीत जाडीचा घोळ असतो आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. लॅपटॉपच्या डिस्क ७ किंवा ९.५ मिलिमीटर जाड असतात, पण ४ आणि ५ टीबीच्या २.५ इंची डिस्क १५ मिलिमीटरच्या असतात, आणि बाजारातल्या बहुतेक स्लिम केस ९.५ मिलिमीटरपर्यंतच्याच. ३.५ इंचीत तसा प्रश्न नाही, फक्त स्क्रूनं बसणारी केस असेल तर बघून घ्यावं, कारण जास्त कपॅसिटीच्या बऱ्याच डिस्कवर मधल्या स्क्रूची भोकं जुन्या जागी नसतात.

करंटचं गणित मात्र मनापासून समजून घ्यायला हवं, कारण ‘डिस्क खराब झाली’ म्हणून टाकून दिलेल्या कित्येक डिस्कचा खरा आजार करंट कमी पडणं हा असतो. २.५ इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते, त्यामुळे ती नुसत्या यूएसबी केबलवर चालते, पण सुरू होताना मोटर फिरवायला तिला साधारण १ अँपिअर लागतो आणि यूएसबी २.० चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर देतो, ३.० चा ९००. बरेचसे पोर्ट नियमापेक्षा थोडं जास्त देतात म्हणून निभावून जातं, पण लांब केबल, टीव्हीचा पोर्ट किंवा बिनअडॅप्टरचा हब मधे आला की डिस्क टक टक करते, दिसते, गायब होते, परत दिसते. अशा वेळी आधी आखूड केबल लावून पीसीच्या मागच्या पोर्टवर बघावं, मग डिस्कला दोष द्यावा.

३.५ इंची डिस्कला ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्टही लागतात, त्यामुळे तिच्या केसला स्वतःचा अडॅप्टर असतो, एका डिस्कला साधारण १२ व्होल्ट २ अँपिअरचा, दोन डिस्कच्या केसला त्याहून मोठा. वायफाय राउटरच्या अडॅप्टरची पिनही बऱ्याचदा तशीच असते आणि घरात ते अडॅप्टर पडलेले असतात, म्हणून केसचा अडॅप्टर हरवला की लोक तोच लावतात, पण त्यातले कितीतरी १ अँपिअरचे किंवा त्याहून कमी असतात, काही तर ९ व्होल्टचे. पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालला असं नाही, त्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून मगच लावा.

दोन टीबीची भिंत

जुन्या केसमध्ये मोठी डिस्क घातली की ४ टीबीची डिस्क भलत्याच लहान आकाराची दिसते किंवा दिसतच नाही. कारण असं की जुन्या ब्रिज चिप वाचण्या-लिहिण्याच्या ज्या कमांड वापरायच्या त्यात सेक्टरचा (डिस्कवरच्या सगळ्यात छोट्या कप्प्याचा) नंबर ३२ बिटांचा असतो, आणि ५१२ बाइटच्या सेक्टरनं हिशोब केला तर तो साधारण २.२ टीबीला संपतो. एमबीआर नावाच्या जुन्या पार्टिशन पद्धतीची मर्यादाही नेमकी तीच. नव्या चिप मोठ्या नंबरच्या कमांड वापरतात, आणि डिस्कवर जीपीटी या नव्या पद्धतीचं पार्टिशन केलं की भिंत राहत नाही. खोक्यावर ‘१० टीबी सपोर्ट’ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा केस बाजारात आली तेव्हा जेवढ्या डिस्कवर तपासली तेवढ्याचं असतं, १२ किंवा १४ टीबीची डिस्कही त्यात बऱ्याचदा चालते, पण कंपनी हमी देत नाही, त्यामुळे परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्यावी.

आता या भिंतीतून निघालेला एक जास्त वाईट प्रकार. विंडोज एक्सपीला साध्या घरगुती वापरात जीपीटी समजायचं नाही, म्हणून मोठ्या डिस्क चालाव्यात यासाठी काही केसच्या चिप ५१२ बाइटचे सेक्टर आठ-आठ एकत्र करून ४०९६ बाइटचा एक सेक्टर असल्याचं कॉम्प्युटरला सांगायच्या. त्या केसमध्ये सगळं नीट चालतं. मग काही वर्षांनी केस मरते, आपण डिस्क काढून दुसऱ्या केसमध्ये घालतो किंवा सरळ पीसीला जोडतो, आणि विंडोज म्हणतं डिस्क फॉरमॅट करा, कारण पार्टिशनचे सगळे आकडे आता आठपट चुकीच्या जागी पडतात. डेटा तिथेच असतो, पूर्ण असतो. फॉरमॅटला ‘हो’ म्हणू नका. तशीच केस मिळाली तर ती लावा, किंवा लिनक्समध्ये सेक्टर साइज ४०९६ सांगून लूप डिव्हाइसनं ती डिस्क वाचता येते, ओळखीत कोणी लिनक्सवाला असेल तर त्याला एवढं सांगितलं तरी पुरेल.

तयार डिस्क फोडताना

तयार एक्स्टर्नल डिस्क कधीकधी सुट्या डिस्कपेक्षा स्वस्त पडते, म्हणून ती घेऊन आतली डिस्क बाहेर काढून वापरायची पद्धत परदेशातून इकडेही आलीये. यात तीन अडचणी. छोट्या पोर्टेबलपैकी बऱ्याचशा डिस्कवर साटा कनेक्टर नसतोच, यूएसबी थेट डिस्कच्या बोर्डवर सोल्डर केलेलं असतं, म्हणजे बोर्ड किंवा पोर्ट तुटला की दुसऱ्या केसचा काही उपयोग नाही. दुसरी अडचण एन्क्रिप्शनची, वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक, माय पासपोर्टच्या कितीतरी मॉडेलमध्ये आपण पासवर्ड लावलेला नसला तरी चिप सगळा डेटा एन्क्रिप्ट करूनच लिहिते, त्यामुळे डिस्क दुसऱ्या केसमध्ये घातली की नुसता कचरा दिसतो. अशा डिस्कचा डेटा आधी दुसरीकडे कॉपी करायचा, मग ती काढून नव्यानं फॉरमॅट करायची, हा क्रम उलटा करू नये. तिसरी अडचण पीसीत लावताना येते. साटाच्या नव्या नियमात पॉवरच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्कनं बंद राहायचं अशी सोय आली, ती असलेली डिस्क जुन्या पॉवर सप्लायवर फिरतच नाही. लोक त्या पिनेवर कॅप्टॉन टेपचा (करंट न जाऊ देणाऱ्या पातळ टेपचा) बारीक तुकडा चिकटवतात आणि ते चालतं. बहुतेक यूएसबी केसमध्ये ३.३ व्होल्ट नसतातच, त्यामुळे केसमध्ये हा त्रास सहसा येत नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन सर्व्हरमधून निघालेल्या डिस्क स्वस्तात मिळतात, त्या घेण्याआधी एक बघायचंच, साटा आहे की सास (सर्व्हरच्या डिस्कची वेगळी जोडणी). सासच्या कनेक्टरमध्ये डेटा आणि पॉवरच्या मधली फट भरलेली असते, ती डिस्क साटाच्या केसमध्ये घुसत नाही, आणि दोघांना जोडणारं स्वस्त कन्व्हर्टर वगैरे काही कामाचं नाही.

स्पीड

इथे फार डोकं लावू नये. फिरणारी डिस्क जेमतेम १५० ते २५० एमबी दर सेकंदाला देते आणि ५ गिगाबिटचं यूएसबी त्याच्या दुप्पट वाहून नेतं, म्हणून १० किंवा २० गिगाबिटच्या केसला जास्त पैसे देणं हे हार्ड डिस्कसाठी वाया जातं. पण यूएसबी २.० ची केस घेऊ नका, ती ३०-४० एमबीवर अडते आणि १ टीबीच्या कॉपीला आठेक तास लागतात, तेच ३.० वर दोन तासांच्या आत. टाइप सी पोर्ट दिसला म्हणजे वेग जास्त असंही नाही, तो फक्त कनेक्टरचा आकार आहे.

स्पीडमध्ये खरा फरक डिस्कमुळे पडतो. एसएमआर प्रकारच्या डिस्कमध्ये ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहितात, त्यामुळे सुरुवातीचा कॅश भरला की लिहिण्याचा वेग एकदम कोसळतो. २०२० मध्ये नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क न सांगता एसएमआर असल्याचं बाहेर आलं, बराच गदारोळ झाला, आणि मग कंपन्यांनी कुठलं मॉडेल कुठल्या प्रकारचं याच्या याद्या दिल्या. महिन्यातून एकदा फोटो टाकायला एसएमआर चालते, २.५ इंचीतल्या मोठ्या डिस्क बहुतेक तशाच असतात, पण रेडसाठी (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवायला) किंवा रोज मोठ्या फाइल फिरवायला सीएमआरच (ट्रॅक एकमेकांवर न चढवणारी) घ्यावी.

उष्णता, दोन डिस्कची केस, फॉरमॅट

३.५ इंची डिस्क चालताना ५ ते ८ वॅट खाते आणि बंद प्लॅस्टिकच्या केसमध्ये ही उष्णता जायला जागा नसते. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० अंशांची. गूगलनं २००७ मध्ये आपल्या एक लाखावर डिस्कचा अभ्यास छापला त्यात तापमान आणि बिघाडाचा संबंध लोकांना वाटतो तेवढा थेट दिसला नाही, फक्त खूप जास्त तापमानाला आणि जुन्या डिस्कमध्ये दिसला. तरी विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला जाते तिथे पहिली मोठी कॉपी तास न् तास चालत असेल तर ॲल्युमिनियमची किंवा फॅनवाली केस घ्यावी आणि ते काम रात्री करावं.

दोन डिस्कच्या केसमध्ये रेड १ लावलं की दोन्हीवर तेच लिहिलं जातं. एक डिस्क मेली तर डेटा वाचतो, पण चुकून डिलीट केलेलं दोन्हीवरून त्याच क्षणी जातं, म्हणून याला बॅकअप म्हणता येत नाही. शिवाय काही केस आपल्याच पद्धतीनं रेडची माहिती लिहितात आणि मग केस मेल्यावर तशीच केस शोधत फिरावं लागतं. घरासाठी दोन वेगळ्या डिस्क, दोन वेगळ्या केस, हेच बरं, रेडची गरज दुकानाला किंवा स्टुडिओला असते.

फॉरमॅट विंडोजवाल्यांनी एनटीएफएस ठेवावा. मॅक तो वाचतो पण त्यावर लिहीत नाही, दोन्हीकडे लागणार असेल तर एक्सफॅट, फक्त त्यात जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नसतं, म्हणून लिहिताना लाइट गेली किंवा केबल ओढली गेली तर नुकसान व्हायची शक्यता जास्त. लोडशेडिंग असलेल्या गावात अडॅप्टरवाली केस इन्व्हर्टरच्या लाइनवरच लावावी. फॅट ३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडतो.

एसएसडी आणि केसची जोडीही करतात आणि रोजच्या ने-आणीला ती उत्तम, पण कपाटात वर्षानुवर्षं ठेवायच्या कॉपीला फिरणारी डिस्कच बरी. जेडेक या संस्थेच्या मानकात साध्या एसएसडीनं, लिहिण्याची पूर्ण मर्यादा वापरून झाल्यावर, बिनकरंटची ३० अंशांत १ वर्ष डेटा टिकवावा एवढीच अपेक्षा आहे.

तपासणी आणि ठेवणं

नवी जोडी जमल्यावर लगेच डेटा टाकू नये. क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टसीटीएल या प्रोग्रॅमनं डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) दिसते का बघावं (चिप ती माहिती पुढे पाठवत नसेल तर केस बदला, बॅकअपच्या डिस्कची तब्येत दिसलीच पाहिजे), रीअलोकेटेड आणि पेंडिंग (खराब म्हणून बदललेले आणि संशयित) सेक्टर शून्य हवेत, मग पूर्ण डिस्क एकदा लिहून वाचून घ्यावी. त्यानंतर थोड्या फाइल टाकायच्या आणि डिस्क काढून दुसऱ्या केसमध्ये किंवा मित्राच्या पीसीत लावायची. तिथे त्या फाइल उघडल्या तरच ही जोडी बॅकअपच्या लायकीची. ही शेवटची पायरी जवळजवळ कोणीच करत नाही आणि वर सांगितलेले सेक्टरचे, एन्क्रिप्शनचे सगळे प्रकार नेमके तिथेच पकडले जातात, तेही डिस्क रिकामी असताना.

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम यातही लागू आहे, तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. घराबाहेरची कॉपी ही आपल्याकडे चैन नाही, २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ ला चिपळूणला घरंच्या घरं पाण्यात होती, तिथे कपाटातल्या दोन डिस्क काय आणि पाच काय. दुसरी डिस्क दुसऱ्या गावातल्या बहिणीकडे, मामाकडे, वरच्या मजल्यावर ठेवायची आणि गणपतीला-दिवाळीला जाणं होतं तेव्हा अदलाबदल करायची. कोकणात आणि गोव्यात ती सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवावी, अडॅप्टर आणि केबल त्याच डब्यात, आणि डब्यावर केसच्या चिपचा नंबर, फॉरमॅट आणि शेवटच्या कॉपीची तारीख लिहिलेली चिठ्ठी.