पार्श्वभूमी : एका विंडोजवर किती जण बसणार?

क्लाउडवरचे व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे दूरच्या मशीनवर चालणारे आणि नेटवरून वापरायचे डेस्कटॉप, सांभाळणाऱ्या ॲडमिनला होस्ट पूल (ते चालवणाऱ्या मशीनचा गट) बनवतानाच ठरवावं लागतं : माणशी एक मशीन, की एकाच मशीनवर अनेक जण? प्रश्न दिसायला हिशोबाचा आहे. किती कोअर, किती रॅम, माणशी किती खर्च. पण हा दुसरा पर्याय इतक्या उशिरा का आला, आणि एकाच क्लाउडवर आधी का आला, याचं उत्तर लायसन्सच्या कागदांत आहे.

मेनफ्रेम आणि टर्मिनलचा काळ वाचकांना माहीत आहेच. विंडोजपुरतं बोलायचं तर १९९५ साली विनफ्रेम आलं. विंडोज एनटी ३.५१ चा परवाना घेऊन एका बाहेरच्या कंपनीने त्यात एकाच वेळी अनेकांना लॉगिन करण्याची सोय केली होती. १९९७ मध्ये विंडोजच्या मालक कंपनीने तेच तंत्र परवान्याने परत घेतलं आणि १९९८ मध्ये एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती बाजारात आणली. आरडीपी, म्हणजे दूरच्या विंडोजचा पडदा नेटवर्कवरून दाखवणारं तंत्र, तिथून सुरू होतं. म्हणजे अनेकांनी एका विंडोजवर बसण्याचं कोडं तेव्हाच सुटलं होतं, फक्त सर्व्हर आवृत्तीपुरतं. २००१ च्या एक्सपीत रिमोट डेस्कटॉप मिळाला तो एकट्यापुरता : दुसरा बाहेरून आत शिरला की समोर बसलेल्याचा पडदा बंद. विंडोजच्या आतली टर्मसर्व्ह ही डीएलएल फाइल बदलून ही अडचण काढणारे पॅच नंतर सर्रास फिरले. एक फाइल बदलून जी मर्यादा जाते ती यंत्राची नसते, कराराची असते.

व्हीडीआय हा शब्द २००६ च्या सुमारास रूढ झाला. डेटासेंटरमध्ये माणशी एक व्हर्च्युअल मशीन आणि त्यात डेस्कटॉप विंडोज. त्याचं वेगळं लायसन्स २००७ मध्ये आलं. जुलै २०१० पासून ते व्हीडीए नावाने मिळू लागलं, दर उपकरणामागे वर्षाला १०० डॉलर. माणसामागे नव्हे, उपकरणामागे. ऑफिसचा थिन क्लायंट (पडद्यापुरतं साधं उपकरण) आणि कंपनीचाच टॅब्लेट दोन्ही मोजायचे.

खरी गाठ यापुढे. डेस्कटॉप भाड्याने देणाऱ्या सेवादाराला सर्व्हर विंडोज महिन्याच्या हिशोबाने मिळत होतं, डेस्कटॉप विंडोज मिळत नव्हतं. ग्राहकाने स्वतःचं लायसन्स आणलं तरी हार्डवेअर फक्त त्या एका ग्राहकाचं असावं, अशी अट. क्लाउड स्वस्त पडतं ते एका लोखंडावर दहा ग्राहक बसतात म्हणून. ही अट नेमकी तिथेच घाव घालत होती. ग्राहकाच्या भल्यासाठी असं कलम कुणी लिहीत नाही.

२०१२ च्या जानेवारीत क्लाउड गेमिंगमधल्या एका अमेरिकी कंपनीने आयपॅडवर विंडोज ७ द्यायला सुरुवात केली, तेव्हा हे उघड्यावर आलं. मार्चमध्ये लायसन्सभंगाचा जाहीर इशारा मिळाला आणि थोड्याच दिवसांत आतलं विंडोज ७ जाऊन सर्व्हर २००८ आलं. मार्च २०१४ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ॲमेझॉनच्या वर्कस्पेसेसनेही तोच रस्ता धरला : सर्व्हर २००८ आर२, वर ‘डेस्कटॉप एक्स्पीरियन्स’चा मुलामा, दिसायला हुबेहूब विंडोज ७. महिन्याला ३५ डॉलरपासून सुरुवात. वापरणाऱ्याला फरक कळत नसे. ॲडमिनला मात्र रोज कळे. सर्व्हर दिसला की काही इन्स्टॉलर पुढे सरकेनात, आणि ‘सर्व्हरवर आमचा सपोर्ट नाही’ हे उत्तर विक्रेत्यांच्या तोंडी तयारच असे. आपल्याकडे जे ‘टॅली ऑन क्लाउड’ म्हणून विकलं जातं तेही बहुतेक ठिकाणी हेच असतं, एक सर्व्हर विंडोज आणि त्यावर आरडीपीने बसलेले अनेक जण. विकताना हे कुणी सांगत नाही, इतकंच.

सप्टेंबर २०१८ मध्ये विंडोज व्हर्च्युअल डेस्कटॉप या मालक कंपनीच्या क्लाउड सेवेची घोषणा झाली आणि तिच्यासोबत ‘मल्टी-सेशन’, म्हणजे एकाच वेळी अनेकांना लॉगिन देणारं, विंडोज १० आलं. वीस वर्षं जे डेस्कटॉप आवृत्तीत नव्हतं ते एकदम मिळालं, पण फक्त मालक कंपनीच्याच क्लाउडवर. दोनच महिन्यांनी एफएसलॉजिक्स या प्रोफाइल हाताळणाऱ्या कंपनीची खरेदी झाली. ती नसती तर मल्टी-सेशन वापरण्याजोगं झालं नसतं : माणूस रोज वेगळ्या मशीनवर पडतो, त्यामुळे त्याचं प्रोफाइल (त्याची सेटिंग आणि फाइली), आउटलुकच्या भल्यामोठ्या कॅशसकट, एका व्हीएचडी (व्हर्च्युअल डिस्कच्या) फाइलमध्ये ठेवून लॉगिनच्या वेळी जोडावं लागतं. लॉगिनच्या वेळी सगळं कॉपी करून आणणाऱ्या रोमिंग प्रोफाइलच्या दिवसांत सकाळी लॉगिन करून चहाला जाण्याची पद्धत होती. ती यानंतर मोडली.

सेवा अधिकृतपणे खुली झाली ३० सप्टेंबर २०१९ ला. दुसऱ्या दिवशी, १ ऑक्टोबरला, नवे लायसन्स नियम लागू झाले : यापुढे घेतलेली साधी लायसन्सं चार मोठ्या क्लाउडांच्या स्वतंत्र हार्डवेअरवर नेता येणार नाहीत. त्या चारांत मालक कंपनीचं स्वतःचं क्लाउडही यादीत होतं, हे खरं. त्याने तिचं काय अडणार होतं, हा प्रश्न वेगळा. युरोपातल्या क्लाउड पुरवठादारांच्या संघटनेने २०२२ मध्ये युरोपीय आयोगाकडे लायसन्सविषयीच तक्रार नेली. त्या ऑक्टोबरात छोट्या सेवादारांसाठी नियम सैल झाले, यादीतल्या चौघांना सवलत नव्हती, आणि तक्रार जुलै २०२४ मध्ये तडजोडीने मिटली.

मार्च २०२० मध्ये पुण्या-मुंबईतल्या आयटी कंपन्या डेस्कटॉप गाड्यांत घालून कर्मचाऱ्यांच्या घरी पोचवत होत्या, तेव्हा ही व्हर्च्युअल डेस्कटॉप सेवा जेमतेम सहा महिन्यांची होती. बीपीओंवर घरून काम करण्याबाबत ज्या दूरसंचार अटी होत्या त्या आधी तात्पुरत्या आणि नोव्हेंबर २०२० मध्ये बऱ्याच अंशी कायमच्या सैल झाल्या. मालक कंपनीच्या क्लाउडचं पुण्यातलं रीजन (डेटासेंटरचा गट) २०१५ पासून चालू असल्याने मशीन जवळच उभी करता आली. घाईघाईत इंटरनेटवर आरडीपीचं ३३८९ पोर्ट उघडं टाकणाऱ्यांच्या तुलनेत इथे एक मोठा फायदा होता : सेशन होस्ट (लोक ज्यावर बसतात ते मशीन) स्वतःच बाहेर जोडणी करतो, आत येणारं पोर्ट लागतच नाही. बाकी पहिल्या आवृत्तीत होस्ट पूलच्या नोंदी करायच्या तर पॉवरशेलमध्ये कमांड लिहूनच. पोर्टलमधून काम करण्याची सोय जुलै २०२० मध्ये पक्की झाली.

जून २०२१ मध्ये सेवेच्या नावातलं ‘विंडोज’ जाऊन ‘अझूर’, म्हणजे मालक कंपनीच्या क्लाउडचं नाव, आलं. ऑगस्टमध्ये विंडोज ३६५ आलं, माणशी एक मशीन आणि महिन्याचा ठरलेला दर. फुकट चाचणी मागणीमुळे एका दिवसात थांबवावी लागली.

मल्टी-सेशन विंडोजच्या मशीनला तिचा प्रॉडक्ट टाइप (डेस्कटॉप की सर्व्हर, हे सांगणारा आकडा) विचारा. उत्तर ३ येतं, म्हणजे सर्व्हर. जुनी टर्मिनल सर्व्हरची साधनं चालत राहावीत म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलं आहे. त्यामुळे काही इन्स्टॉलर अजूनही पुढे सरकत नाहीत.