खोडात कीटकनाशक टोचण्याच्या पद्धतीची पार्श्वभूमी

झाडाच्या खोडाला बारीक भोक पाडून त्यातून कीटकनाशक आत सोडण्याची पद्धत गेल्या काही दशकांत रुळली असली, तरी तिच्यामागची कल्पना बरीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियात कीटकशास्त्रज्ञ इव्हान शेव्हिर्योव्ह यांनी खोडातून औषध देण्याचे प्रयोग केले होते. १९१४ मध्ये पोटॅशियम सायनाइड खोडात घालून खवले कीड मारण्याचा प्रयत्न झाल्याचीही नोंद आहे. अडचण भोक पाडण्याची नव्हती. जे विष किडीला पुरे पडे ते झाडालाही बाधण्याची भीती असे, आणि जे झाडाला सोसवे ते रसाबरोबर शेंड्यापर्यंत चढेलच असे नव्हते. १९३६ मध्ये सेलेनियम शोषून घेतलेल्या गव्हावरचा मावा मरतो असे दिसले आणि वनस्पतीच्या आतून किडीपर्यंत पोहोचता येते, हे स्पष्ट झाले. पुढे जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड श्राडर यांच्या संशोधनातून आंतरप्रवाही, म्हणजे रसाबरोबर झाडभर पसरणारी, सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशके आली; मात्र ती माणसालाही अत्यंत विषारी होती.

खोडातून औषध देण्याची निकड खरी कळली ती एल्म वृक्षांच्या मरीमुळे, असे मला वाटते. सालीखाली राहणाऱ्या भुंगेऱ्यांमार्फत पसरणारा हा बुरशीजन्य रोग पहिल्या महायुद्धानंतर युरोपात लक्षात आला आणि १९३० मध्ये अमेरिकेतील ओहायोत आढळला. तेथे भुंगेऱ्यांना आवरण्यासाठी उंच एल्मवर डीडीटी या कीटकनाशकाची प्रचंड फवारणी झाली. गळलेल्या पानांवाटे ते गांडुळांत आणि गांडुळांवाटे रॉबिन पक्ष्यांत गेले, आणि विद्यापीठांच्या आवारांत पक्षी मरून पडू लागले. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीच्या बहुतेक वापरावर बंदी घातली. तोवर औषध झाडाच्या आतच ठेवण्याच्या प्रयत्नांनी जोर धरला होता. एल्मच्या खोडात प्रथम भुंगेऱ्यांसाठी कीटकनाशके आणि पुढे थेट बुरशीसाठी बुरशीनाशके टोचून पाहण्यात आली.

२००२ मध्ये मिशिगनमध्ये पूर्व आशियातून आलेला, ॲश वृक्ष पोखरणारा हिरवा किडा ओळखला गेला, आणि ही पद्धत प्रयोगापुरती न राहता नित्याची झाली. या किड्याच्या अळ्या सालीखालचा अन्नवाहक थर कुरतडतात, त्यामुळे वरून मारलेला फवारा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. उलट ॲशच्या सर्वांत बाहेरच्या वलयातील रुंद जलवाहिन्या टोचलेले औषध झपाट्याने वर नेतात. जमिनीत ओल असेल आणि पानांतून बाष्पोत्सर्जन जोमात चालू असेल, तर हे काम आणखी लवकर होते. येथे उपयोगी पडलेले इमामेक्टिन बेंझोएट हे कीटकनाशक ॲव्हरमेक्टिन या औषधांच्या कुळातले आहे. या कुळाचा उगम सातोशी ओमुरा यांनी जपानच्या मातीतून वेगळ्या केलेल्या जिवाणूत असून, याच शोधमालिकेसाठी त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. योग्य मात्रेत एकदा टोचले की ॲशला साधारण दोन ते तीन वर्षे संरक्षण मिळते.

या लाभाची किंमत झाड मोजते, आणि तिचा विचार फार उशिरा झाला याची मला खंत वाटते. अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड तो भाग आतून बंदिस्त करते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. म्हणून भोके कमी, लहान व उथळ ठेवणे आणि दोन उपचारांत अंतर राखणे महत्त्वाचे ठरते. ताडवर्गीय झाडे तर खोडाची जखम नव्या वाढीने झाकूही शकत नाहीत, त्यामुळे खोड पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्यासाठी त्यांना टोचताना प्रत्येक भोक कायमचे राहते.

शिवाय औषध झाडाच्या आत राहिले म्हणजे इतर जीव सुरक्षित झाले, असेही नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात २०१३ मध्ये फवारणी केलेल्या लिंडेन झाडांखाली हजारो भुंगमाश्या मेल्या. त्यानंतर त्या राज्याने २०१५ मध्ये निओनिकोटिनॉइड गटातील चार कीटकनाशके लिंडेनवर वापरण्यास मनाई केली. ती केवळ फवारणीला नाही, तर खोडात टोचण्यासह देण्याच्या कोणत्याही पद्धतीला लागू आहे, कारण आंतरप्रवाही औषध फुलांतील मकरंदातही उतरते.