पश्चिमेची खिडकी, वरचा स्लॅब आणि ८,७६० तास

सांगली-मिरज रस्त्यावर तळमजला अधिक दोन मजल्यांचा दवाखाना बांधायचा आहे, असे धरू. एसी किती टनांचा, हा प्रश्न आपल्याकडे बांधकाम उरकल्यावर निघतो. तो नकाशा पक्का होण्याआधी विचारायला हवा, कारण तेव्हा खिडकीची जागा बदलायला फक्त कागद लागतो. एनर्जीप्लस ही मोफत संगणक प्रणाली वर्षाच्या ८,७६० तासांपैकी प्रत्येक तासाला इमारतीत किती उष्णता आली आणि ती काढायला किती वीज लागली, हे मोजून देते. यालाच ऊर्जा मॉडेलिंग म्हणतात.

सुरुवात हवामानाच्या फाइलपासून होते, म्हणजे एखाद्या गावाचे वर्षभराचे तासातासाचे तापमान, ऊन आणि दमटपणा. सांगलीची हाताशी नसेल आणि सोलापूरची घेतली तर सांगलीपेक्षा तापट उन्हाळा येतो, पुण्याची घेतली तर हिवाळा जास्त थंड. दोन्हींवर मॉडेल चालवावे आणि जो बदल दोन्हींत फायद्याचा ठरेल, तो बिनधास्त घ्यावा.

आता खिडक्या. दोन फुटी छज्जा दक्षिणेला चोख काम करतो. मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे काचेवर ऊनच पडत नाही. डिसेंबरातही छज्जाची सावली सुमारे ७० सेंमी खाली येते. तोच छज्जा पश्चिमेला मात्र तोकडा पडतो. मेच्या पहिल्या आठवड्यात साडेचारला सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३३ अंशांवर असतो आणि सावली ४० सेंमीच पडते. चार फुटी खिडकीचा दोन-तृतीयांश भाग उन्हात राहतो. साडेपाचला सावली उरते २० सेंमी. भिंतीला काटकोनात लावलेल्या उभ्या पट्ट्याही इथे कामाच्या नाहीत, कारण ऊन समोरूनच येते. बाहेरून जाळी लावावी, पट्ट्या तिरप्या कराव्यात, किंवा सरळ जिना आणि स्वच्छतागृहे पश्चिमेला टाकून तपासणीच्या खोल्या उत्तरेला न्याव्यात. शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त, पण तो नकाशावरच जमतो.

सर्वांत जास्त लक्ष छताकडे द्यावे. १५० मिमीच्या उघड्या स्लॅबमधून दर चौरस मीटरला, आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकामागे साधारण ३ वॅट उष्णता आत येते. आपल्याकडे वॉटरप्रूफिंगसाठी घालतात तो विटांच्या तुकड्यांचा चार इंची थर, म्हणजे ब्रिकबॅट कोबा, धरला तर आकडा २.२ च्या आसपास येतो. हा थर मॉडेलमध्ये भरायचा हमखास राहून जातो. कोब्याखाली ५० मिमी एक्सपीएस फोम (उष्णता अडवणारा कडक फोम) घातला की ०.५. घरांसाठीच्या २०१८ च्या इको निवास संहितेत (केंद्राच्या ऊर्जाबचत नियमावलीत) छताची कमाल मर्यादा १.२ आहे, म्हणजे नुसत्या कोब्यावर भागत नाही.

ऊन परतवायला गच्चीवर पांढरा रंग लावणार असाल तर त्याचा डब्यावरचा परावर्तनाचा आकडा जसाच्या तसा भरू नये. गळीत हंगामात कारखान्याची राख आणि एरवी रस्त्याची धूळ गच्चीवर बसतेच; ०.८ च्या जागी ०.५५ धरलेले बरे.

खरी फसगत वेळापत्रकात, म्हणजे इमारत कोणत्या वेळी वापरात असते या माहितीत, होते. तयार नमुन्यातले वेळापत्रक बहुधा ऑफिसचे असते: नऊ ते सहा. दवाखान्याची ओपीडी सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते नऊ. स्लॅब आणि नऊ इंची विटांची भिंत दुपारी तापते, पण ती उष्णता आत उतरायला काही तास घेते आणि नेमकी संध्याकाळी, प्रतीक्षाकक्ष भरलेला असताना पोचते. बसलेला प्रत्येक माणूस आणखी शंभर-सव्वाशे वॅटची भर घालतो. ऑफिसचे वेळापत्रक तसेच ठेवले तर रिकाम्या दुपारचा भार फुगतो आणि छताच्या फोमचा फायदा असतो त्याहून कमी दिसतो. चुकीच्या जागी पैसे जातात ते असे.

अख्खा मजला एकच खोली समजून भरणे हीही नेहमीची चूक. बाहेरच्या भिंतीलगतचा चार-साडेचार मीटरचा पट्टा दिशेनुसार वेगळा करावा, मधला भाग वेगळा. शेजारची उंच इमारतही मॉडेलमध्ये दाखवावी. तिची सावली फुकटची आहे.

मग एका वेळी एकच बदल करून वर्षाचे युनिट लिहून ठेवावेत. शेवटी सगळे बदल एकत्र चालवावेत, कारण बचतींची बेरीज होत नाही: फोम घातल्यावर पांढऱ्या रंगाने फारसे काही वाचत नाही. आलेले युनिट क्षेत्रफळाने भागून तशाच चालू दवाखान्याच्या महावितरणच्या बारा बिलांशी ताडून पाहावेत. आकडा दुप्पट किंवा निम्मा आला तर आधी वेळापत्रक तपासावे, मग दिव्यांचे आणि यंत्रांचे वॅट. एसीचे टन ठरवायचे ते या सगळ्यानंतर. ‘शंभर चौरस फुटाला एक टन’ या ठोकताळ्याने घेतलेले मोठे यंत्र पावसाळ्यात खोली झटकन गार करून आपोआप बंद होते आणि हवेतला दमटपणा तसाच राहतो.