तारेच्या आऱ्यांचे चाक

मधला हब आणि परिघावरची रिम यांना बारीक पोलादी तारांनी जोडून, त्या तारा आधीच ताणून ठेवलेले हलके चाक. सायकलीत ते सार्वत्रिक आहे. मोटारसायकली, जुन्या मोटारी, चाकाच्या खुर्च्या आणि मोठे आकाशपाळणे यांतही ते वापरतात. पारंपरिक लाकडी चाकाहून ते वेगळे ठरते ते आऱ्यांतील बलाच्या दिशेमुळे. लाकडी आरा दाब सोसतो. तार दाबली की वाकते, म्हणून ती ताणातच ठेवावी लागते.

बैलगाडीच्या चाकात तुंब्याच्या (मधल्या लाकडी ठोकळ्याच्या) खाचांत आरे ठोकतात, त्यांची टोके पुठ्ठ्यांत (परिघाच्या वक्र लाकडी तुकड्यांत) बसवतात आणि तापवून फुगवलेली धाव (लोखंडी पट्टी) वरून चढवून तिच्यावर पाणी ओततात. निवताना धाव आवळते व सगळे सांधे घट्ट दाबले जातात. म्हणजे लाकडी चाकातही भार येण्याआधीच बले असतात. फक्त ताण धावेत आणि दाब आऱ्यांत असतो. तळाशी आलेल्या एकदोन आऱ्यांवर बहुतेक भार येत असल्याने प्रत्येक आरा जाड ठेवावा लागतो. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसले की धाव सैल होते व आरे खुळखुळतात. तारेच्या चाकात ही मांडणी उलट होते : ताण आऱ्यांत, दाब रिममध्ये.

उगम : या चाकाचा जनक कोण याविषयी मतभेद आहेत. इंग्लिश संशोधक सर जॉर्ज केली (१७७३–१८५७) यांच्या टिपणवहीत १८०८ मध्ये अशा चाकाची कल्पना आढळते. उडत्या यंत्राला हलकी चाके हवीत, या गरजेतून ती आली. केलींनी तिचे एकस्व (पेटंट) घेतले नाही. लंडनचे थिओडोर जोन्स यांनी १८२६ मध्ये लोखंडी सळ्यांच्या ‘झुलत्या’ चाकाचे एकस्व घेतले. ते गाड्यांसाठी होते. पुढची चार दशके या कल्पनेचा फारसा प्रसार झाल्याचे दिसत नाही. त्यासाठी एकसारखी व स्वस्त पोलादी तार आणि हलक्या चाकाची निकड असलेले वाहन, दोन्ही हवे होते.

सायकलीच्या संदर्भात खरा वाद १८६८ ते १८७० या काळाचा आहे. एडवर्ड आल्फ्रेड कूपर यांच्या नावे १८६८ चे श्रेय सांगितले जाते. पॅरिसचे युजीन मेयर यांनी १८६९ मध्ये एकेक तार स्वतंत्रपणे ताणता येईल अशा चाकाचे एकस्व घेतले. इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली व विल्यम हिलमन यांच्या ‘ॲरियल’ सायकलीचे एकस्व १८७० चे. त्याच वर्षी विल्यम ग्राउट यांनी रिमपाशी आटे असलेल्या निपलने, म्हणजे तारेच्या टोकावर फिरणाऱ्या छोट्या लांबट नटाने, तार ताणण्याची रचना मांडली. जुन्या इंग्रजी लेखनात सगळे श्रेय स्टार्ली यांना मिळे. अलीकडच्या अभ्यासकांचा कल मेयर यांच्याकडे आहे व तो अधिक ग्राह्य वाटतो. ‘ॲरियल’मध्ये हबला जोडलेल्या तरफांनी सर्व तारा एकदम ताणल्या जात. त्यामुळे चाक घट्ट होई, पण एखाद्याच जागचा बाक काढता येत नसे. आजच्या सायकलीतील निपल या तिघांपैकी ग्राउट यांच्या रचनेला सर्वांत जवळचे आहे.

स्टार्ली यांचे निर्विवाद काम १८७४ चे : स्पर्शरेषीय आरे. तोवर तारा हबमधून सरळ त्रिज्येच्या दिशेने निघत. अशी तार भार पेलते, पण पेडलने हबला पीळ दिला की हब रिमच्या मानाने थोडा फिरल्याशिवाय ती विरोध करू शकत नाही. तारा हबच्या कडेला स्पर्शून तिरप्या काढल्या, निम्म्या पुढे व निम्म्या मागे, की एका गटाचा ताण वाढतो, दुसऱ्याचा उतरतो आणि पीळ थेट रिमपर्यंत पोहोचतो. म्हणून मागचे चाक तिरप्या तारांचे हवेच. रिम ब्रेक असलेले पुढचे चाक सरळ तारांवर चालू शकते, हबमध्ये डिस्क ब्रेक असेल तर नाही. लंडनच्या १३५ मी. उंचीच्या ‘लंडन आय’ पाळण्यात याच कारणाने ६४ आरे-दोरांखेरीज पीळ घेणारे १६ दोर वेगळे आहेत.

भार कोठून जातो : हब वरच्या तारांना टांगलेला असतो की खालच्या तारांवर उभा असतो, हा वाद अजून रंगतो. तारेला ढकलता येत नाही, म्हणून तो टांगलेलाच असणार, हे सहज पटते. पण मोजले तर चित्र वेगळे दिसते. सायकलीवर कोणी बसले असता जमिनीलगतच्या तीन-चार तारा छेडल्या तर त्यांचा आवाज स्पष्ट खाली उतरतो. वरच्या तारांचा जवळजवळ तसाच राहतो. रिम टेकते तेथे किंचित चपटी होते व तेथील तारांचा ताण घटतो. ताणलेल्या तारेतील ताण घटणे हे बलांच्या हिशेबात दाब वाढण्यासारखेच. अमेरिकन अभियंता जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ मध्ये सांत घटक विश्लेषणाने (वस्तूचे लहान भाग कल्पून प्रत्येकातील बले संगणकाने काढण्याच्या पद्धतीने) हेच दाखवले. तेव्हा ‘हब खालच्या तारांवर उभा असतो’ हे म्हणणे अधिक अचूक ठरते, अर्थात त्या तारांत मूळचा ताण शिल्लक असेतोवरच. तो शून्यावर आला की चाक गेलेच.

बांधणी : जुन्या काळ्या रोडस्टर सायकलीत पुढे ३२ व मागे ४० तारा असतात, इतरत्र ३६ ची जोडी बराच काळ रूढ होती. नेहमीची तार १४ गेजची, म्हणजे सुमारे २ मिमी. व्यासाची. तिच्या टोकावरचे आटे कापलेले नसून दाबून उठवलेले असतात. लगतच्या आट्यांतील अंतर ०·४५ मिमी. असल्याने निपलचा एक पूर्ण फेरा तार तेवढीच ओढतो. तारेची लांबी काढताना तीन मापे लागतात : रिमची निपलपाशी मोजलेली त्रिज्या, हबच्या पाळीवरील (तारा ओवण्याच्या कडेच्या चकतीवरील) छिद्रांच्या वर्तुळाची त्रिज्या व पाळीचे मध्यापासूनचे अंतर. ती अनुक्रमे ३००, २२·५ व ३५ मिमी. असतील आणि ३६ तारा तीन छेदांनी, म्हणजे प्रत्येक तार इतर तिघींना ओलांडेल अशा, विणायच्या असतील, तर दोन त्रिज्यांमधील कोन ६०° येतो. तिन्ही मापांच्या वर्गांच्या बेरजेतून ६,७५० (दोन त्रिज्यांच्या गुणाकाराची दुप्पट गुणिले ६०° ची कोज्या) वजा करून वर्गमूळ घेतले की सुमारे २९१·५ येते. त्यातून पाळीतील एका छिद्राची स्वतःची त्रिज्या वजा जाता २९० मिमी.ची तार घ्यावी.

विणताना एका पाळीतून एकाआड एक नऊ तारा ओवतात. पहिली व्हॉल्व्हच्या छिद्राशेजारी, मग रिममध्ये दर चौथे छिद्र. दुसऱ्या पाळीचेही तसेच. मग हब फिरवून उरलेल्या तारा ओवतात. प्रत्येक तार दोन तारांच्या बाहेरून व तिसरीच्या आतून जाते. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंच्या तारा जवळपास समांतर आल्या पाहिजेत. नाहीतर पंपाचे तोंड बसत नाही. त्यानंतर व्हॉल्व्हपासून सुरुवात करून सर्व निपल अर्धा-अर्धा फेरा आवळत जातात. रिम डावीकडे झुकत असेल तर उजव्या तारा आवळाव्या व डाव्या तेवढ्याच सैल कराव्या, म्हणजे चाक गोल राहते. दुकानात याला आऊट काढणे म्हणतात. फक्त आवळत गेलेला कारागीर बाक काढतो, पण तेथेच खड्डा पाडतो. ताण वाढला की निपलबरोबर तारही पिळते, म्हणून पाव फेरा जास्त देऊन तेवढाच मागे घेतात. शेवटी समांतर तारांच्या जोड्या मुठीत जोराने आवळतात. त्यामुळे तारांची हबकडील वळलेली टोके, म्हणजे कोपरे, पाळीवर नीट बसतात. हे टाळले तर चाक पहिल्याच फेरीत टणटण वाजून पुन्हा आऊट होते.

प्रत्येक तारेत सुमारे १०० किग्रॅ. ताण असला तर ३६ तारा मिळून रिममध्ये ५७० किग्रॅ.च्या आसपास दाब निर्माण करतात. ताणाची मर्यादा म्हणूनच तारेपेक्षा रिम ठरवते. अति ताणाने निपलच्या छिद्राभोवती तडे जातात किंवा जोड्या आवळताच रिम खोगीरासारखी वळते.

दोष : तार बहुतेक वेळा हबपाशी, कोपऱ्यात तुटते. ती फार आवळल्याने तुटते हा समज सर्रास आढळतो, पण कारण बहुधा उलट असते. सैल तारेचा ताण प्रत्येक फेऱ्यात शून्यापर्यंत उतरून पुन्हा चढतो, कोपरा हलत राहतो आणि धातूला शिणवटा येतो. अनेक गिअरच्या मागच्या चाकात रिम मध्यावर आणण्यासाठी गिअरकडील तारा जास्त उभ्या व ताठ असतात. त्यामुळे डावीकडच्या सैल राहतात. पाठोपाठ तीन-चार तारा तुटल्या तर त्या बाजूच्या सगळ्या बदलणेच स्वस्त पडते. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत निपल गंजून अडकते आणि पान्याने त्याचे कोपरे झिजतात. जोडताना आट्यांना तेल लावले तर हा त्रास बराच टळतो.

नवे प्रकार : फ्रान्चेस्को मोझेर यांनी १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत भरीव तबकडीच्या चाकांवर तासाला ५१·१५१ किमी.चा विक्रम केला. त्यानंतर वाऱ्याचा विरोध कमी करणारी तबकडीची व कार्बन तंतूंची चाके शर्यतीत रुळली. मोटारसायकलीत तारांच्या छिद्रांतून हवा गळत असल्याने ट्यूब लागते. बीएमडब्ल्यू कंपनीने १९८७ मध्ये तारा रिमच्या बाहेरच्या कडांना जोडून ही अडचण सोडवली. बैलगाडीने मात्र तारेचा टप्पा गाठलाच नाही. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांकडे ऊस नेणाऱ्या टायरगाड्या लाकडी चाकावरून थेट पत्र्याच्या चाकावर व रबरी टायरवर आल्या.

मिशलँ कंपनीने २००५ मध्ये दाखवलेल्या ‘ट्वील’ या हवाविरहित चाकात आरे लवचिक पॉलियुरेथेनचे आहेत. तळाचे आरे भाराखाली नुसते दुमडतात व वरचे ताणले जातात. त्यात सायकलीप्रमाणे पूर्वताण नसल्याने, वर सांगितलेल्या वादातील ‘टांगलेला हब’ येथे मात्र अक्षरशः खरा ठरतो. वेगात होणारी थरथर व आवाज यांमुळे त्याचा वापर प्रामुख्याने गवत कापणारी यंत्रे व बांधकामाची लहान वाहने यांत झाला आहे.