इ.स. ७८ (शककालाचे आरंभवर्ष)

शालिवाहन शक ज्या वर्षापासून मोजतात ते वर्ष. पूजेच्या संकल्पात, लग्नपत्रिकेवर आणि पंचांगाच्या पहिल्या पानावर येणाऱ्या शकाची मोजणी या वर्षाच्या चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून होते. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची तिथी शके १५९६ ज्येष्ठ शुद्ध १३, म्हणजे इ.स. १६७४. हिशेब सरळ आहे, पण शकाचे ते आरंभवर्ष जगलेल्या कोणीही त्याला ७८ म्हटले नाही. ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची रीत सहाव्या शतकातली. शककालाचा उल्लेख असलेला त्या वर्षाचा एकही लेख मिळालेला नाही. त्या काळच्या प्रत्येक राज्यात या वर्षाची ओळख वेगळी होती.

रोममध्ये वर्षाला आकड्याऐवजी त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांची (सर्वोच्च अधिकाऱ्यांची) नावे देत. त्यानुसार हे नोविउस प्रिस्कुस आणि केयोनिउस कोम्मोदुस यांचे वर्ष. गादीवर वेस्पासियन होता आणि कोलोसियमचे बांधकाम चालू होते. थोरल्या प्लिनीने आपला निसर्गविषयक महाग्रंथ नुकताच राजपुत्र टायटसला अर्पण केला होता. हिंदुस्थानचा व्यापार दरवर्षी रोमचे ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, अशी तक्रार त्याने त्यात नोंदवली आहे. पुढच्याच वर्षी व्हेसुव्हियसच्या उद्रेकात त्याचा अंत झाला आणि पॉम्पेई राखेखाली गेली. त्या राखेतून १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सापडल्या आहेत. प्लिनीची तक्रार नुसती कागदावरची नव्हती, हे या एका मूर्तीवरून पटते.

इजिप्तवर राज्य रोमचेच, पण वर्ष सम्राटाच्या कारकिर्दीचे आणि नवे साल २९ ऑगस्टला. हर्मोपोलिसजवळच्या एपिमाखस नावाच्या जमीनदाराचा कारभारी दिदिमस याने वेस्पासियनच्या अकराव्या वर्षाचा, म्हणजे इ.स. ७८-७९ चा, शेतीचा जमाखर्च पपायरसच्या गुंडाळ्यांवर मांडून ठेवला. मजुरांना काय दिले, कशावर किती खर्चले, असा तो रोजचा हिशेब आहे. काही वर्षांनी कोणीतरी त्याच गुंडाळ्यांची कोरी पाठ वापरून ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेला अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथ उतरवला. ग्रंथाची प्रत जगातून जवळपास नाहीशी झाली होती. ती १८९० मध्ये लंडनला ओळखली गेली, ती या हिशेबामागेच. एका शेताचा खर्च कोणत्या साली लिहिला हे ठाऊक असल्यामुळे त्या प्रतीचा काळ ठरवायलाही आधार मिळाला.

पार्थियाच्या, म्हणजे त्या काळच्या इराणी साम्राज्याच्या, टांकसाळीत सेल्युकस या ग्रीक राजाचा शक चालत होता. त्याचे ३८९ वे वर्ष या वर्षाच्या शरदात संपून ३९० वे लागले. इराणच्या गादीवर याच सुमारास दुसरा पाकोरस आला. दक्षिण इराकमधल्या उरुक येथे ग्रहांच्या स्थितीची पंचांगे मातीच्या विटांवर कीलाक्षरांत अजून लिहिली जात होती. काळ निश्चित करता येतो अशा कीलाक्षरी लेखांत सर्वांत अलीकडचा मानला जाणारा लेख इ.स. ७९-८० चे असेच एक पंचांग आहे. तीन हजार वर्षांची लेखनपरंपरा पंचांगकर्त्यांच्या हाती शेवटपर्यंत टिकली, ही गोष्ट मोठी आहे.

चीनमध्ये हे हान सम्राट च्यांगच्या च्येनछू या राजवर्षनामाचे तिसरे वर्ष. सेनानी पान छाओ याने काशगर, खोतान आदी राज्यांचे १०,००० सैनिक जमवून याच वर्षी कूमोचे दगडी तटाचे नगर घेतले. रेशीममार्गाच्या त्या टोकापलीकडे कुशाणांची सत्ता पसरत होती. कनिष्काने शक सुरू केला हे मत आपल्याकडे पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचले, पण ते आता टिकत नाही. अफगाणिस्तानात १९९३ मध्ये मिळालेल्या रबाटक शिलालेखात कनिष्काच्या आधीच्या तीन राजांची नावे आहेत, आणि जुन्या ज्योतिषग्रंथातील गणिताच्या आधारे बहुतेक अभ्यासक आता कनिष्काचे पहिले वर्ष इ.स. १२७ च्या आसपास धरतात.

मग शक सुरू कोणी केला? याचे धागेदोरे दख्खन आणि गुजरातेतच आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात शक नावाच्या परकीय राजवंशातला क्षत्रप (प्रांताधिपती) नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. वर्ष ४२, वैशाख महिना. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची (नाण्यांची) कायम ठेव गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (व्यवसायसंघांकडे) ठेवली : २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० शेकडा पाऊण व्याजाने. मोठ्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० होते. त्यातून वर्षावासाला (पावसाळ्यातल्या मुक्कामाला) राहणाऱ्या २० भिक्षूंना चिवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. हिशेब पैशाला पैसा जुळतो. जुळत नाही ते वर्ष. हे ४२ शककालाचे मानले तर इ.स. १२०. पण पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या एका ग्रीक नौकानयन-पुस्तिकेत भडोचचा राजा म्हणून येणारे नाव नहपानाचेच दिसते. त्यामुळे ४२ हे त्याच्या स्वतःच्या कारकिर्दीचे वर्ष आहे, असे मानणारे अभ्यासक आहेत. तसे असेल तर सातवाहन गौतमीपुत्र सातकर्णीने केलेला त्याचा पराभव इ.स. ७८ च्या जवळपास येतो. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. पराभव झाला हे निर्विवाद, तो कधी झाला हाच वाद.

दुसरा दावेदार चष्टन, हाही शक क्षत्रपच. कच्छमधील अंधौ येथे त्याचा वर्ष ११ चा लेख आहे. पुढे त्याचा नातू रुद्रदामा याच्या जुनागढ लेखात वर्ष ७२ येते, आणि नंतरचे क्षत्रप तर चांदीच्या नाण्यावर राजाच्या डोक्यामागे वर्षाचा आकडाच घालू लागले. एकाच घराण्याने एकच मोजणी तीन शतके न तोडता चालवली, म्हणून चष्टनाची बाजू सर्वांत भक्कम वाटते. उज्जैन या घराण्याची राजधानी होती आणि पुढे तेच ज्योतिषाचे केंद्र झाले. ज्योतिषी वराहमिहिराने गणितासाठी आधारवर्ष म्हणून शक ४२७ घेतले. राजवट गेली तरी शक ज्योतिष्यांनी सोडला नाही.

आठवण मात्र दुभंगली. बदामीच्या तिसऱ्या लेण्यातील चालुक्य मंगलेशाच्या लेखात शकराजाच्या राज्याभिषेकाला ५०० वर्षे झाल्याचे म्हटले आहे (इ.स. ५७८). उलट भास्कराचार्य बाराव्या शतकात शकराजाच्या अंती कलियुगाची ३,१७९ वर्षे गेली असे सांगतात. एकाच वर्षाला एकाने राजाचा अभिषेक जोडला, दुसऱ्याने त्याचा अंत. शालिवाहनाचे नाव तर आणखी उशिरा, तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास, या शकाला चिकटले. पैठणच्या शालिवाहनाने मातीचे सैनिक जिवंत करून शत्रूला हरवले, ही कथा महाराष्ट्राला प्रिय आहे. पण शकांशी लढणाऱ्या सातवाहनांनी आपल्या लेखांत हा शक वापरला नाही. ते कारकिर्दीची वर्षे देत.

शक समुद्रापारही गेला. कंबोडियातील सांबोर येथील शक ६०५ च्या लेखात मधले शून्य ठिपक्याने दाखवले आहे. शून्याच्या अंकाचा तो अतिप्राचीन नमुना आहे. बालीतील न्येपी हा मौनाचा सण शक वर्षाचाच पहिला दिवस. स्वतंत्र भारतात मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शिफारस केलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ या तारखेने अमलात आली. ती सौर असल्याने तिचा १ चैत्र २२ मार्चला (लीप वर्षी २१ मार्चला) येतो आणि चांद्र पंचांगातल्या गुढीपाडव्याशी तो क्वचितच जुळतो.