बारा व्होल्टचे सव्वा व्होल्ट

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारी पोरं नवा कॉम्प्युटर घेताना तीनच गोष्टी विचारतात: प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड केवढ्याचं आणि रॅम किती. मदरबोर्ड दुकानदार ठरवतो, आणि बजेट हुकलं की पहिली कात्री त्यालाच लागते. "बोर्डाचं काय, कुठलाही चालतो" हे परभणीपासून लातूरपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. मग ऐन मे महिन्यातल्या लगीनसराईत रेंडर, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवण्याचं काम, संपत आला की निळा स्क्रीन उगवतो आणि शिव्या सॉफ्टवेअरला पडतात.

बोर्डावर प्रोसेसरच्या सॉकेटच्या कडेने काळ्या-करड्या चौकोनी ठोकळ्यांची एक रांग असते. तिला व्हीआरएम (व्होल्टेज रेग्युलेटर मॉड्यूल) म्हणतात. पॉवर सप्लायकडून बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात, प्रोसेसरला लागतात साधारण १.२. आता शाळेतलं सूत्र आठवा: शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले प्रवाह. १२० वॅट खाणारा प्रोसेसर १२ व्होल्टवर १० अँपिअर घेईल, पण १.२ व्होल्टवर त्याला १०० अँपिअर लागतात. हे रूपांतर त्या रांगेत, नखाएवढ्या भागांमधून होतं.

ते होतं कसं? मॉसफेट नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होतो. त्यातला साधारण दहावा हिस्सा वेळ तो चालू असतो, म्हणून सरासरी १२ चा दहावा हिस्सा निघते. विहिरीवरची मोट आठवा. पाणी भसाभस पडतं, थांबतं, पुन्हा पडतं. पण थारोळ्यामुळे पाटातलं पाणी सलग वाहतं. इथे थारोळ्याचं काम चोक म्हणजे तारेचं वेटोळं आणि वीज साठवणारे कपॅसिटर करतात. एका विहिरीवर चार मोटा पाळीपाळीने चालल्या तर धार आणखी एकसारखी होते. बोर्डाच्या खोक्यावर लिहिलेले 'फेज' म्हणजे या मोटाच.

फेज वाढवण्याचा खरा फायदा उष्णतेत आहे. तारेत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १०० अँपिअर ४ फेजमध्ये वाटले तर प्रत्येकी २५; ८ मध्ये वाटले तर साडेबारा. प्रवाह निम्मा झाला की त्या फेजमधली ही उष्णता पाव होते. फेज दुप्पट असल्याने एकूण हिशेब निम्म्यावर येतो. (मॉसफेट चालू-बंद होतानाचा अपव्यय वेगळा, तो फेज वाढवून कमी होत नाही.) काही कंपन्या एकाच सिग्नलवर दोन-दोन मॉसफेट जोडून ६ चे १२ फेज छापतात. उष्णता त्यातही वाटली जाते, पण पाळ्या सहाच राहतात.

आता रेंडर कुठे मरतो ते पाहू. एन्कोडिंगमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून फाइलमध्ये भरताना, प्रोसेसरची मागणी क्षणात कमी-जास्त होते. लेंझच्या नियमानुसार चोक प्रवाहातल्या अचानक बदलाला विरोध करतो, त्यामुळे तेवढ्या काही मायक्रोसेकंदांची तूट कपॅसिटर भरून काढतात. ते कमी असले किंवा म्हातारे झाले असले तर व्होल्टेज खाली झुकतं, ट्रान्झिस्टर वेळेत पलटत नाही आणि १ च्या जागी ० वाचला जातो. तीन तासांचं काम बुडायला तेवढं पुरतं.

मराठवाड्यात उन्हाळ्याचा पारा ४२-४३ ला जातो. पत्र्याच्या खोलीत कॅबिनेटच्या आतली हवा त्याहून गरम. व्हीआरएम फार तापला की बोर्ड स्वतःच प्रोसेसरचा वेग पाडतो. रेंडर लांबतो आणि बोर्ड आणखी वेळ भाजत राहतो. यावर कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे तुषार धुळीत मिसळले की वीज वाहून नेणारा थर बसतो. आणि नजर लागू नये म्हणून कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की लिंबातलं सायट्रिक आम्ल ठिबकलं तर तांब्याला चावतं.

खोक्यावरच्या दाव्यांवर आणि आकड्यांवरही असाच आंधळा विश्वास नको. 'मिलिटरी ग्रेड' ही जाहिरातीची भाषा आहे आणि रंगीत दिव्यांनी व्होल्टेज स्थिर होत नाही. ६५ वॅट लिहिलेला इंटेलचा आय७-१४७०० जोर लावताना २१९ वॅटपर्यंत जातो. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याचं प्रकरण २०२४ मध्ये गाजलं. जास्त व्होल्टेजमुळे चिपचा एक भाग झिजत होता, आणि मर्यादेपलीकडे वीज सोडणारी काही बोर्डांची मूळ सेटिंगही कारणांत निघाली. बायोसचे, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या मूळ सॉफ्टवेअरचे, अपडेट आले, पण आधीच झिजलेली चिप त्यांनी दुरुस्त होत नाही.

म्हणून घेताना एच६१० (इंटेलसाठी) किंवा ए६२० (एएमडीसाठी) या चिपसेटचे, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपचे, सॉकेटभोवती उघडे मॉसफेट असलेले स्वस्त बोर्ड टाळा. बी७६० (इंटेल) किंवा बी६५० (एएमडी) मध्ये व्हीआरएमवर स्क्रूने आवळलेला जाड हीटसिंक (उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) असलेला बोर्ड बघा. एकाच चिपसेटचे बोर्डही सारखे नसतात. रॅम बोर्डाच्या कंपनीने दिलेल्या सुसंगत यादीतली घ्या. मग बायोसमध्ये वीजमर्यादा १२५ वॅटच्या आसपास बांधा. शेवटच्या थोड्या वेगासाठी प्रोसेसर व्होल्टेज चढवतो, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. त्यामुळे वीज निम्मी केली तरी वेग निम्मा होत नाही. बोर्ड एप्रिलमधल्या दुपारी तीन वाजता, सलग काही तासांचा रेंडर लावून तपासा, म्हणजे वॉरंटीत बदलून घ्यायला हाताशी वेळ राहील.