ठशातली रेषा तुटू न देता फाइल छोटी कशी करायची?

बोटाच्या ठशाचा फोटो खूप दाबून छोटा केला की सगळ्यात आधी बारीक गोष्टी जातात, म्हणजे घामाची छिद्रं, रेषा जिथे संपते किंवा दोन रेषांत फुटते ती जागा. आणि ठसे जुळवणारा माणूस नेमकं तेच बघत असतो! अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेला १९९० च्या सुमारास हाच प्रॉब्लेम आला. त्यांच्याकडे कोट्यवधी ठसे कागदी कार्डांवर होते, ते कॉम्प्युटरवर घ्यायचे तर दहा बोटांच्या एका कार्डाला साधारण १० एमबी लागायचे, आणि त्या काळचे मोडेम आठवा, एक कार्ड पाठवायला किती वेळ लागला असता.

फोटो छोटा करायची नेहमीची पद्धत, जेपीईजी, होतं की. पण ते फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोन वेगळा दाबतं, त्यामुळे जास्त दाबलं की चौकोनांच्या कडा दिसायला लागतात आणि ठशाची रेषा तिथे तुटल्यासारखी वाटते. मग खरी तुटलेली कुठली आणि फाइलने तोडलेली कुठली? म्हणून १९९३ मध्ये त्यांनी वेव्हलेटवाली (वेव्हलेट म्हणजे फोटोतला ढोबळ भाग आणि बारीक फरक वेगळे करणारं गणित) डब्ल्यूएसक्यू नावाची पद्धत घेतली, लॉस अलामोस या अमेरिकन प्रयोगशाळेतल्या गणितज्ञांनी त्यात मोठं काम केलं. फाइल साधारण १५ पट छोटी झाली, आणि चौकोनच नाहीत म्हटल्यावर त्यांच्या कडाही नाहीत.

हे होतं कसं ते आकड्यांत बघू. शेजारचे चार पिक्सेल घ्या, आकडा म्हणजे तो ठिपका किती उजळ: ८०, ८२, ८४, ८६. दोन-दोनची सरासरी काढली तर ८१ आणि ८५, आणि प्रत्येक जोडीतला निम्मा फरक १. आता ८१ आणि ८५ चं परत तेच करा, सरासरी ८३, निम्मा फरक २. म्हणजे चार मोठ्या आकड्यांऐवजी ८३, २, १, १ ठेवले (वजा-अधिकची खूण लागते, ती इथे सोडलीये) तरी मूळ चारही परत मिळतात. छोटे फरक शून्य केले तरी डोळ्याला कळत नाही, आणि शून्यं साठवायला जागा जवळपास लागतच नाही. पण शेवटचा पिक्सेल २०० असता तर? तिथे निम्मा फरक ५८ येतो, म्हणजे तिथे रेषेची कड आहे, तो आकडा ठेवायचा. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं, की काय टाकायचं आणि काय ठेवायचं हे आकडेच सांगतात.

ही सगळ्यात साधी पद्धत गणितज्ञ आल्फ्रेड हार यांची, १९१० च्या आसपासची. गणितज्ञ इंग्रिड डोबशी यांनी १९८८ मध्ये जास्त गुळगुळीत वेव्हलेट बनवले आणि मग खरा वापर वाढला. जेपीईजी २००० त्याच घराण्यातलं, आपल्या आधारच्या सिक्युअर क्यूआर कोडमधला इवलासा फोटोसुद्धा त्याच फॉरमॅटमध्ये असतो.

आवाजालाही हेच लागू पडतं. 'पाटी' म्हणताना 'प' आणि 'ट' चा स्फोट काही मिलिसेकंदांत संपतो, 'आ' आणि 'ई' मात्र लांबतात. वेव्हलेट उंच, बारीक आवाजांसाठी छोटी खिडकी लावतं, म्हणजे वेळेचा छोटा तुकडा बघतं, आणि खालच्या, जाड आवाजांसाठी मोठी, त्यामुळे दोन्ही नीट पकडले जातात. तरी मोबाइलच्या कॉलमध्ये बहुतेक वेगळीच पद्धत चालते, तिथे घसा आणि तोंडाचं गणिती मॉडेल करून त्याचेच आकडे पाठवतात, कारण बोलणाऱ्या माणसाच्या आवाजासाठी ते आणखी स्वस्तात पडतं.